काठी, हौद आणि लॉनखालचा पाइप

आमच्या हौदात शिडीला बांधलेली कडुनिंबाची एक काठी आहे. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्यावर इंचाइंचाला चाकूनं खाचा पाडल्यात. हौद बारा बाय दहा फुटांचा. पाणी एक इंच उतरलं की २८३ लिटर गेलं, हा हिशोब घरातल्या लेकरांनाही पाठ आहे. लातूर जिल्ह्यात वाढलेल्या लेकरांना हे शिकवावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली गोष्ट. रात्री दहाला मी काठी पाहिली होती आणि सकाळी सहाला पुन्हा पाहिली, तर पाणी अडीच इंच खाली. रात्रभर मोटर बंद, कार्यालयात कुणी मुक्कामी नाही, हौदावर पत्रे झाकलेले. अडीच इंच म्हणजे सातशे लिटर. आठ तासांत सातशे, तर दिवसरात्रीचे एकवीसशे. तेवढ्या पाण्यात गावाकडं एका घराचा आठवडा निघतो. मी तिथंच हौदाच्या काठावर बसले. हातपाय गळाल्यासारखं झालं.

आमचं औसा रोडच्या बाजूला छोटं मंगल कार्यालय आहे. आत जेवणाचा हॉल, समोर लॉन. संध्याकाळचं रिसेप्शन लॉनवर होतं, आणि खरं सांगायचं तर तारखा लॉनमुळंच बुक होतात. लग्नाची दाट तिथ एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पाणी सगळ्यांत कमी असतं तेव्हाच गवत सगळ्यांत हिरवं लागतं.

लॉन आधी बावीस हजार चौरस फूट होतं. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. पुढं पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणायला लागली. शहरात लोक घागरी घेऊन रांगेत उभे असताना आपण गवताला पाणी घालायचं, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नाही. आबांनी कॉक बंद केला आणि लॉन वाळू दिलं. पुढं चांगला पाऊस झाल्यावर लॉन पुन्हा धरलं ते बारा हजार फुटांचंच, उरलेल्या जागेत मुरूम दाबला. बाकीचं पुन्हा हिरवं करायचं कधी मनातही आलं नाही. पण जे ठेवलंय त्याला थेंबन् थेंब पोचला पाहिजे, जमिनीत कुठं तरी मुरून जाता कामा नये, असं मला तेव्हापासून फार वाटतं. म्हणून ती काठी.

दुसऱ्या रात्री हौदाला लागून असलेला कॉक घट्ट बंद केला. सकाळी पाणी जिथल्या तिथं. म्हणजे हौद झिरपत नव्हता, गळती लाइनीत होती. हौद जागेच्या उंच कोपऱ्यात आहे, त्यामुळं मोटर बंद असली तरी लाइन भरलेलीच राहायची आणि पाणी आपल्या वजनानं कुठून तरी निघून जायचं. लग्नाच्या तारखा तोंडावर होत्या, लॉन उकरणं शक्य नव्हतं. रोज रात्री कॉक बंद करायचा आणि सकाळी हातात नळी धरून पाणी मारायचं, असं करून तो उन्हाळा काढला.

चातुर्मासात लग्नं नसतात. पण पावसात काळी माती खोदणं म्हणजे चिखल तुडवणं. पाऊस सरून जमिनीला वाफसा आला, तेव्हा आश्विनात आम्ही सगळी लाइन उघडली. ही लाइन आबांनी स्वतःच्या हातानं टाकली होती. शेतातल्या पाइपलाइनीतून उरलेला राखाडी पीव्हीसी, ६३ एमएम, चार किलोचा. 'किलो' म्हणजे पाइप किती दाब सोसतो ते, एका चौरस सेंटिमीटरवर चार किलो. आबा खुर्ची टाकून चराच्या कडेला बसले होते. आपली लाइन निकामी झाली की काय, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

निघालं ते असं. पाइप तीन ठिकाणी गेला होता, आणि तिन्ही ठिकाणचं कारण वेगळं.

पहिली जागा स्टेजच्या पुढं. तिथं पाइप धडधाकट होता, पण जॉइंट सुटला होता. एका पाइपाचं टोक दुसऱ्याच्या तोंडातून बोटभर बाहेर सरकलं होतं आणि आजूबाजूची माती लोण्यासारखी झाली होती. आमची जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात घालावा एवढ्या भेगा पडतात. २०१६ च्या उन्हाळ्यात ती पार वाळली, पुन्हा ओली झाली, पुन्हा वाळली. पीव्हीसीचा पाइप ताठ, सहा-सहा मीटरचे तुकडे, दर सहा मीटरला चिकटवलेला जॉइंट. जमीन त्याला दर वर्षी ओढत राहिली आणि जिथं कच्चं होतं तिथून तो निघाला.

दुसरी जागा कंपाउंडच्या भिंतीलगत. तिथं दगड लागला म्हणून वीस-पंचवीस फूट पाइप वरूनच नेला होता. त्या पाइपाचा राखाडी रंग जाऊन तो खडूसारखा पांढुरका झाला होता. अंगठ्यानं दाबला तर चर्र आवाज आला आणि चीर पडली. त्याच लाइनीतला मातीखालचा तुकडा मात्र दगडावर आपटला तरी फुटेना. एकाच दिवशी विकत घेतलेले दोन पाइप, एकावर ऊन पडलं आणि एकावर नाही, एवढाच काय तो फरक. ते दोन तुकडे मी अजून मोटरच्या खोलीत जपून ठेवलेत. कुणी नवीन पाइपलाइन करतोय म्हटलं की आधी ते हातात देते.

तिसरी जागा कॉकजवळचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड. तो उभा चिरला होता. याचं कारण मला कळलं नाही, माझ्या दादानं सांगितलं.

दादा रेणापूर तालुक्यात ऊस करतो, सगळं ठिबकवर. मी फोन केला तर दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर हजर. एल्बो हातात घेऊन म्हणाला, "बाई, मोटर चालू असताना कॉक बंद कोण करतं?"

म्हटलं, "वॉचमनमामा. एका भागाचं पाणी झालं की तो कॉक बंद करून दुसरा उघडतात."

"कसा बंद करतात?"

"कसा म्हणजे? फटकन."

दादानं मोटरच्या डिलिव्हरीवर, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी, दाबाचं घड्याळ बसवलं आणि मामांना नेहमीसारखा कॉक फिरवायला लावला. काटा तीनवर होता, तो टणकन पाचच्या पुढं गेला आणि थरथरत मागं आला. पळत्या पाण्याला एकदम अडवलं की ते असा हातोडा मारतं. चार किलोच्या पाइपाला रोज तीन वेळा पाचाचा दणका बसत होता. आठ-नऊ वर्षं टिकला हेच पुष्कळ. वॉचमनमामांना फार वाईट वाटलं. पण त्यात त्यांचा काय दोष? त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. पाइप घेताना दुकानात जाऊन "चांगलातला द्या" म्हणून भागत नाही. माझी जमीन कोणती, पाइप उन्हात राहणार की मातीत, माझी मोटर किती दाब देते आणि कॉक बंद करताना तो किती चढतो, हे चार आकडे खिशात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही. लोक उलटं करतात, आम्हीही तेच केलं होतं. घरात उरलेला पाइप होता, तो टाकला.

पाचवा आकडा पाण्याचा. दोनशे लिटरचा ड्रम घेतला, घड्याळावर अडीच किलो राहील इतका कॉक दाबून धरला आणि मुलानं मोबाइलवर वेळ लावली. ड्रम एक मिनिट पन्नास सेकंदांत भरला, म्हणजे तासाला साधारण साडेसहा हजार लिटर. आमचं लॉन अकराशे चौरस मीटरच्या आसपास. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, तेव्हा पाच मिलिमीटर द्यायचं तर साडेपाच हजार लिटर लागतात. साडेसात मीटर अंतरावर एक, असे वीस फिरते स्प्रिंकलर बसत होते, जमिनीतून वर येणारे पॉप-अप. अडीच किलो दाबाला एक स्प्रिंकलर तासाला सातशे लिटर टाकतो. सात चालवले तर एकोणपन्नासशे. म्हणजे लॉनचे तीन भाग करायचे, सात, सात आणि सहा, आणि एका वेळी एकच भाग चालवायचा. मोटर तेवढी आरामात ओढते.

हौदाच्या उंचीवर स्प्रिंकलर चालतील का, असंही भाऊजींनी विचारलं होतं. विजेचं बिल वाचलं असतं. पण दहा मीटर उंचीला एक किलो दाब मिळतो. आमचा हौद लॉनपेक्षा पुरुषभर उंच, त्यातून पाव किलोसुद्धा धड येत नाही. स्प्रिंकलर मान वर काढणार नाही तेवढ्यात.

मग दुकानं. लातुरात शेतीच्या पाइपांची दुकानं काही कमी नाहीत. मी, मुलगा आणि दादा दोन दिवस फिरलो. मुलगा पॉलिटेक्निकला आहे, त्यानं पाइपाची जाडी मोजायला व्हर्नियर आणला होता.

एका ठिकाणी सीपीव्हीसी घ्या म्हणाले. तो गरम पाण्याच्या नळाचा पाइप, बाथरूमला योग्य. लॉनला कशाला तेवढे पैसे? जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा विचार आबांनी काढला होता, त्यांच्या काळी तोच मजबूत. पण आमच्या बोअरचं पाणी जड आहे. बादलीच्या काठाला आठ दिवसांत पांढरा थर धरतो. जीआय आतून गंजतो, गंजावर क्षार बसतात, आणि काही वर्षांत दोन इंची पाइपातून एक इंचीचं पाणी येतं. ते कार्यालयाच्या जुन्या नळांत आम्ही भोगलंय. रेन पाइपही पाहिला, बारीक भोकांचा, चपटा. भाजीपाल्याच्या वाफ्यांना तो उत्तम, स्वस्तही आहे. पण आमच्याकडं लॉनवर खुर्च्या मांडल्या जातात, माणसं वावरतात, वर पडलेला पाइप चालणारच नाही.

राहिले दोन, पीव्हीसी आणि काळा एचडीपीई, म्हणजे पॉलिथिनचा वाकणारा पाइप. पीव्हीसी वाईट नाही, हे मी ठामपणे सांगते. दादाच्या वावरात पीव्हीसीची मुख्य लाइन तीन फूट खोल आहे आणि वीस वर्षं तिला हात लागलेला नाही. मुरमाड, न हलणारी जमीन असेल, पाइप पूर्ण गाडणार असाल, जॉइंट कोरड्या पाइपावर नीट साफ करून मारणार असाल, तर सहा किलोचा पीव्हीसी घ्यावा आणि पैसे वाचवावेत. फक्त एक ध्यानात ठेवावं. त्यावर छापलेला किलो २७ अंश तापमानाचा असतो. आपल्या उन्हाळ्यात वर उघडा पडलेला पाइप हात लावू देत नाही, तेव्हा त्याची ताकद छापलेल्या आकड्याएवढी राहत नाही.

आमची जमीन हलणारी. तिथं मला वाकणारा पाइप हवा होता, आणि जितके कमी जॉइंट तितकं बरं. एचडीपीईचं शंभर मीटरचं वेटोळं मिळतं. हौदापासून लॉनच्या टोकापर्यंत नव्वद मीटर, अख्खा एक तुकडा. पीव्हीसीनं त्याच अंतराला पंधरा लांब्या आणि चौदा जॉइंट लागले असते. शिवाय त्यात काजळीसारखा कार्बन मिसळलेला असतो, अडीच टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं ऊन त्याला सहजासहजी खात नाही. काळा रंग त्याचाच.

पण काळा दिसला म्हणजे चांगला, असंही नाही. हे एका बादलीनं दाखवलं.

दादाची ही युक्ती. तीन दुकानांतून पाइपाचे बोटभर तुकडे मागून आणले, चौथा आबांच्या पीव्हीसीचा. चौथ्या दुकानाच्या ओट्यावर बसून पाण्यानं भरलेल्या बादलीत एकेक टाकला. पीव्हीसी तळाला गेला. तो जाणारच, पाण्यापेक्षा जड असतो. काळ्यांपैकी दोन तुकडे तरंगले. तिसरा हळूहळू खाली जाऊन तळाशी आडवा पडला. एचडीपीई पाण्यापेक्षा हलका असतो, तो तरंगायलाच हवा. बुडाला याचा अर्थ त्यात जड भुकटी भरपूर मिसळलेली आहे. तो तुकडा देणारा दुकानदार आम्हाला म्हणाला होता, "ताई, हातात घेऊन बघा, कसा वजनदार आहे." ते वजन दगडाच्या भुकटीचं होतं. मुलानं त्याची पट्टी कापून दोनदा मागंपुढं दुमडली, तर घडीवर पांढरी रेघ उमटून तिथंच तुटली. चांगल्या पाइपाची पट्टी आठ-दहा वेळा दुमडूनही तुटली नाही. वजनावरचा भाव बराच कमी होता, म्हणून कुणीही फसलं असतं. त्या माणसाला स्वतःलाही हे ठाऊक नसावं असं मला त्याच्या बोलण्यावरून वाटलं.

तरंगला म्हणजे पास, असंही नाही. वापरलेलं प्लॅस्टिक वितळवून केलेला पाइपही तरंगतो. त्याला आतून बोट फिरवून पाहावं लागतं. खरखरीत लागला, रंग मळकट दिसला, जळकट वास आला की ठेवून द्यावा. आणि पाइपावरची अक्षरं वाचावीत. आम्ही घेतला त्यावर दर मीटरला छापलेलं आहे, आयएसआयची खूण, आयएस ४९८४, पीई १०० (मालाची प्रत), पीएन ८ (म्हणजे आठ किलोचा), ५० एमएम, परवान्याचा क्रमांक, बॅच. पीव्हीसीला आयएस ४९८५, ठिबकच्या साध्या लॅटरलला, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीला, आयएस १२७८६. मुलानं परवान्याचा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पाहिला, कंपनीचं नाव आणि माल जुळला, तेव्हा कुठं आम्ही पैसे दिले.

भिंतीच्या जाडीत मीही गोंधळले होते. दोन पाइप, दोन्ही आठ किलोचे, दोन्ही ५० एमएम, पण व्हर्नियर वेगळी जाडी दाखवत होता. मी जाडाकडं वळले. दादानं थांबवलं. एक पीई ८० चा होता, दुसरा पीई १०० चा. पीई १०० चा माल जास्त ताकदीचा, म्हणून तेवढाच दाब सोसायला त्याची भिंत कमी जाड लागते. बाहेरचं माप सारखं, म्हणजे आत जागा जास्त आणि पाण्याला अडथळा कमी. जाडी बघायची ती एकाच प्रतीच्या दोन पाइपांत.

दुकानदार मुख्य लाइनीला ७५ एमएम घ्या म्हणत होते, पुढंमागं वाढवता येईल म्हणून. आधीचा ६३ होता. मी ५० घेतला. पाइपात पाणी सेकंदाला दीड मीटरपेक्षा जोरात पळू नये असा हिशोब धरतात, आणि ५० एमएममधून त्या वेगानं तासाला आठ हजार लिटरच्या आसपास जातं. मला लागतं एकोणपन्नासशे. आतल्या फांद्यांना ३२ एमएम, एकेका फांदीवर जास्तीत जास्त चार स्प्रिंकलर. बिल पीव्हीसीच्या दीडपट झालं. माप कमी घेतलं म्हणून तेवढ्यावर भागलं, नाहीतर दुप्पट गेलं असतं. दाब मोटरचा तीन, कॉकचा दणका पाचाच्या वर, म्हणून मुख्य लाइन आठ किलोची. फांद्या सहा किलोच्या चालल्या, कारण कॉकच्या पुढच्या लाइनीवर तो दणका जात नाही.

चर दीड फूट खोल काढला. मंडपाचा टेम्पो जिथून आत येतो तिथं दोन फूट, आणि त्या जागी आबांच्याच जुन्या शेतातला चार इंची पाइप म्यान म्हणून घातला, त्यातून नवा ओवला. आबांना ते फार आवडलं. चराच्या तळाला तीन इंच चाळलेला मुरूम. काळ्या मातीची ढेकळं आणि टोकदार दगड पाइपाला टेकता कामा नयेत. दगड मी आणि जाऊबाईंनी हातानं वेचले, मजुरांवर सोडलं नाही.

वेटोळं उन्हात सोडून ठेवलं की पाइप नरम पडतो आणि सरळ होतो. दुपारी दोनला तो चरात पसरून, मापून, कापला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जोडायला गेलो तर टोक फिटिंगपासून वीतभर मागं. मला वाटलं कुणी ओढला. ओढला नव्हता, रात्रीच्या गारव्यात आखडला होता. एचडीपीई तापला की लांबतो, गार झाला की आखडतो, पीव्हीसीपेक्षा दुप्पट-तिप्पट. नव्वद मीटरात ते वीतभर भरतं. दुपारी ताणून जोडला असता तर रात्री फिटिंगमधून निघाला असता. नशिबानं वेटोळ्याचे दहा मीटर उरले होते. त्यातून तुकडा घालावा लागला, म्हणजे एक जॉइंट माझ्या घाईनं वाढलाच. त्यानंतर पाइप चरात नागमोडी ठेवला, जोडणी आणि मातीचा पहिला थर दोन्ही सकाळच्या गारव्यात केलं.

फिटिंग कॉम्प्रेशनची, हातानं आवळायची. पाइपाचं तोंड तासून कडा मारायची, किती आत जायचा त्याची खूण करायची, साबणाचं पाणी लावून सरळ रेटायचा. प्लंबरच्या पोरानं एका ठिकाणी कडा न मारता पाइप घुसवला, धारेनं आतली रबरी रिंग कापली आणि तोच एक जॉइंट पाझरला. रिंग बदलली, संपलं.

माती पूर्ण लोटायच्या आधी जॉइंट उघडे ठेवून लाइन भरली, हवा काढली आणि पाच किलो दाब चढवून ठेवला. तासाभरानं काटा साडेचारच्या खाली. सगळ्यांचे चेहरे उतरले. मी एकेका जॉइंटवर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळत गेले, म्हणजे थेंब आला तर दिसेल. एकही कागद ओला झाला नाही. दादा मोटारसायकलवरून उतरल्या उतरल्या हसला. नवा काळा पाइप दाबाखाली थोडा फुगतो, त्यामुळं काटा पहिल्यांदा उतरतोच. पुन्हा पाच केला. रात्रभर काटा जागचा हलला नाही.

पाणी देण्याची वेळही बदलावी लागली. पंचवीस मिनिटांत पाच मिलिमीटर पडतं, पण काळी माती तेवढं एका दमात पीत नाही, पाणी वाटेकडं वाहायला लागलं. आता बारा-बारा मिनिटांचे दोन फेरे, मध्ये तासाची उसंत. हौदाशेजारी डिस्क फिल्टर बसवलाय, तो दर रविवारी धुतला जातो. वॉचमनमामा कॉक बंद करताना मोठ्यानं दहापर्यंत आकडे म्हणतात. माझ्या धाकट्या लेकीनं त्यांना ती सवय लावली. फुलझाडांच्या कडेला १६ एमएमची ठिबकची नळी आहे, ती उन्हाळ्यात खारी कुरतडायच्या. तहानेनं कुरतडतात बिचाऱ्या. सावलीत मातीचे चार परळ पाणी भरून ठेवायला लागलो, तेव्हापासून नळीला फारसा दात लागलेला नाही.

आणि एक काम जे मी आधी करायला हवं होतं. चर उघडा असतानाच मुलानं कागदावर नकाशा काढला. प्रत्येक जॉइंट कंपाउंडच्या कोणत्या खांबापासून किती फुटांवर, कोणत्या वळणावर लाइन कुठं जाते, सगळं मापानं. खांबांवर ऑइल पेंटनं निळ्या खुणा केल्या. कारण मंगल कार्यालयाच्या लॉनला काळ्या मातीपेक्षाही मोठं भय मंडपवाल्याच्या लोखंडी खुंटीचं असतं. हातभर लांब खुंटी घणानं ठोकली की कुठलाच पाइप, कितीही किलोचा असो, वाचत नाही. नकाशाची एक प्रत मोटरच्या खोलीत, एक माझ्या कपाटात. या वैशाखात पहिल्या लग्नाला मंडपवाला आला, घण खांद्यावर टाकून लॉनच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "ताई, हितं ठोकू का?"

मी नकाशा घेऊन गेले. दोन फूट डावीकडं सरकवायला सांगितलं.